पावसाळ्यात मांजराला पिसवा झाल्या तर आधी हे वाचा
पाऊस सुरू झाला की मांजरांना पिसवा होतातच, आमच्या मनीला पण दरवर्षी होतात, पण म्हणून घरात पडलेलं कुत्र्याचं गोचिडीचं औषध तिच्या मानेवर टाकू नका प्लीज!! त्यात बऱ्याचदा परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, कुत्र्याला ते चालतं पण मांजराच्या लिव्हरला पचत नाही, अंग थरथरतं, झटके येतात आणि जीवपण जातो. पाकिटावर मांजरासाठी असं लिहिलंय का ते बघूनच घ्या. घरात कुत्रा असेल तर त्याला औषध लावल्यावर ३ दिवस दोघांना लांब ठेवा, मांजर त्याला चाटतं, त्याच्याजवळ झोपतं. चुकून लागलंच तर कोमट पाण्याने भांड्यांचं लिक्विड लावून धुवा, टॉवेलात गुंडाळा आणि लगेच डॉक्टरकडे न्या, सकाळपर्यंत थांबू नका.