नाशिकच्या अभ्यासिकेत नव्याने बसणाऱ्यांसाठी: उजळणी कशी करावी

सुरगाणा, कळवण, येवल्याहून मुलं स्पर्धा परीक्षेसाठी नाशिकला येतात, अभ्यासिकेत जागा घेतात आणि दहा-दहा तास बसतात. बैठक पक्की असते, चुकते ती पद्धत. तेच प्रकरण तिसऱ्यांदा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात आणि मन म्हणतं, 'हे येतंय.' पण परीक्षेत ओळखीच्या वाटण्याला गुण नसतात, समोर पुस्तक नसताना आठवावं लागतं.

रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हेच तपासलं. एका गटाने उतारा चारही सत्रांत वाचला. दुसऱ्याने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. म्हणून अभ्यास संपताक्षणी जे वाटतं त्यावर विसंबू नका.

करायचं असं. पंधरा-वीस पानं समजून वाचा, पेन हातात न घेता. पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर दहा मिनिटं आठवेल ते लिहा. तिसऱ्या मिनिटाला डोकं रिकामं वाटेल, नेमकं तेव्हाच पुस्तक उघडायचा मोह होतो. उघडू नका, कारण ती ओढाताणच कामाची असते. मग पुस्तकाशी ताडून लाल पेनाने सुटलेलं आणि चुकलेलं लिहा. ही पायरी गाळली तर चूकही तितकीच पक्की बसते.

भूगोलाचं घ्या. 'नाशिक जिल्ह्यात गोदावरीला कोणत्या नद्या मिळतात?' दारणा, कादवा लिहून झालं की हात सहज 'गिरणा' लिहितो, कारण तीही याच जिल्ह्यात उगम पावते. पण गिरणा जाते तापीला. इथे नुसतं 'गिरणा-तापी' घोकलं तर महिन्याने पुन्हा घोळ होईल. 'का?' विचारा. मधे सातमाळा-अजिंठ्याची रांग आहे, ती दोन्ही खोऱ्यांचं पाणी वेगळं करते. आता नकाशा न बघता कागदावर रांग काढा, दक्षिणेला दारणा-कादवा, उत्तरेला गिरणा. एक कारण कळलं की तीन नावं त्याला धरून राहतात.

दुसरी उजळणी कधी? परीक्षेला जितके दिवस असतील त्याच्या साधारण दहा ते वीस टक्के अंतराने. शंभर दिवस असतील तर दहा ते वीस दिवसांनी. थोडं विसरायला झालेलं असणं चांगलं, लगेच केलेली उजळणी सोपी जाते आणि फारशी टिकत नाही. प्रत्येक कागदावर पुढची तारीख टाका. रोज आधी त्या तारखेचे जुने कागद, मग नवं प्रकरण. उलट क्रम लावला की जुनं साचत जातं आणि शेवटच्या महिन्यात सगळंच नवं वाटतं.

गणितात नवा प्रकार आधी सोडवलेल्या उदाहरणांवरून समजून घ्या. तो जमू लागला की शतमान, काळ-काम आणि गुणोत्तर मिसळून सोडवा. एकाच प्रकारची चाळीस गणितं ओळीने सोडवताना सूत्र कोणतं हे ठरवावंच लागत नाही, पेपरात मात्र तेच आधी ठरवावं लागतं. मिसळून करताना चुका वाढतात. त्याने घाबरून पुन्हा जुन्या पद्धतीवर जाऊ नका.

रंगीत पेनाने ओळी अधोरेखित करण्यात फार वेळ जातो आणि हाती फारसं लागत नाही. 'मी ऐकून शिकणारा, तू बघून शिकणारा' या वर्गवारीलाही पुरेसा पुरावा मिळालेला नाही.

सिन्नर किंवा निफाडहून रोज बसने ये-जा करणाऱ्यांनी पुस्तक पिशवीतच ठेवावं. कालच्या कागदाचं फक्त शीर्षक आठवून उरलेलं मनात मांडावं आणि अडेल ते उतरल्यावर आधी बघावं.