जुन्या असेंब्लीचं डॉक्युमेंटेशन: आधी व्हेक्टर बघा

भोसरीतल्या एका मशीनचा, ८०५१ या मायक्रोकंट्रोलर चिपवरचा असेंब्ली (चिपच्या थेट सूचनांच्या भाषेतला) कोड माझ्याकडे आला, तेव्हा फाइलभर एकाच छापाच्या कॉमेंट होत्या: ‘ए मध्ये ५ टाका’. असल्या कॉमेंट सरळ काढा, त्या इन्स्ट्रक्शनच पुन्हा वाचून दाखवतात.

मी आधी इंटरप्ट व्हेक्टर बघते, म्हणजे चालू काम थांबवणारा सिग्नल (इंटरप्ट) आला की चिप ज्या ठरलेल्या पत्त्यांवर उडी मारते ते. ०००३ ला बाहेरचा इंटरप्ट, ०००बी ला टायमर शून्य, ००२३ ला सिरियल. तिथून उड्या कुठे जातात ते वहीत काढलं की सांगाडा हाती येतो.

मग प्रत्येक सबरूटीनच्या (एकच काम करणाऱ्या, पुन्हा पुन्हा बोलावल्या जाणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या) डोक्यावर लिहा: काम काय, कुठल्या रजिस्टरमध्ये (चिपमधल्या छोट्या कप्प्यात) काय घेते, काय परत देते, काय पुसते. शेवटचं गाळू नका. आर७ हे रजिस्टर कोण पुसतं हे कुणी लिहिलं नव्हतं, माझे तीन दिवस त्यातच गेले.

आकड्यामागचं कारणही हवंच. टायमरमध्ये हेक्समधला (सोळाच्या पटीतला) आकडा एफसी१८ भरलंय, म्हणजे आपल्या नेहमीच्या आकड्यात ६४५३६. टायमर ६५५३६ ला भरतो, तिथपर्यंत उरतात १०००. बारा मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर (चिपचा वेग ठरवणाऱ्या भागावर) ते बरोबर १ मिलिसेकंद. पण बोर्डावरचा क्रिस्टल स्वतः बघून या. तो ११.०५९२ चा निघाला तर हिशेब बदलतो.

मूळ कोड लिहिणारे काका निवृत्त होऊन चिंचवडला राहत असतील, तर कागद घेऊन घरी जा. ‘इथे दोन एनओपी (काहीच न करणाऱ्या इन्स्ट्रक्शन) का?’ एवढंच विचारा, आणि उत्तर त्याच दिवशी फाइलमध्ये उतरवा.