ऑटोकॅडमधला हॅच फरशीशी जुळत नाही? या चुका टाळा

खानापूर रोडवरच्या एका घरात फरशी बसत होती. खोली ३ मीटर बाय ३.६ मीटर, फरशी ६०० बाय ६०० मिलिमीटर (पुढचे आकडेही मिलिमीटरमध्येच). सांधे सोडून दिले तर आडव्या पाच, उभ्या सहा, म्हणजे तीस अख्ख्या फरश्या. कटर बाहेर काढायचंही कारण नव्हतं. साइटवर जाऊन बघतो तर डाव्या भिंतीला २५० ची पट्टी, उजवीकडे ३५० ची. मिस्त्री म्हणाला, "साहेब, नकाशात जसं हाय तसंच लावलंय की." नकाशा मीच काढलेला.

हॅच म्हणजे नकाशात एखाद्या हद्दीत भरलेला रेघांचा पॅटर्न, इथे फरशीच्या सांध्यांचा. नकाशा काढायच्या ऑटोकॅड या सॉफ्टवेअरला तुमची खोली कुठून सुरू होते याच्याशी देणंघेणं नसतं. काही सांगितलं नाही तर हॅचची मोजणी ड्रॉइंगच्या ०,० या मूळ बिंदूपासून होते आणि खोलीच्या हद्दीत पॅटर्नचा जो तुकडा पडेल तो दिसतो. पॅटर्न जिथून सुरू होतो तो बिंदू म्हणजे ओरिजिन. हॅच क्रिएशन टॅबमधलं 'सेट ओरिजिन' दाबून जिथून पहिली फरशी लागणार तो कोपरा क्लिक करा. आधी मारलेला हॅच निवडूनही हे करता येतं, पुसून परत मारत बसू नका.

खालचा-डावा कोपरा हा तयार पर्याय चौकोनी खोलीत चालतो. एल आकाराच्या हॉलमध्ये फसाल, कारण तो कोपरा हद्दीभोवतीच्या काल्पनिक चौकोनाचा धरला जातो आणि तिथे भिंतच नसू शकते. तिथे बिंदू स्वतः क्लिक करा.

खोली ३२०० रुंद असेल तर? कोपऱ्यातून सुरू केलं की शेवटी २०० ची पट्टी उरते, नेमकी दारासमोर. अशा वेळी 'सेंटर' निवडा. सांधा मधोमध येतो, दोन्हीकडे दोन-दोन अख्ख्या आणि कडेला ४००-४०० चे तुकडे. डोळ्याला हेच बरं दिसतं.

दोन-तीन खोल्या एकाच कमांडमध्ये भरल्या की तो एकच हॅच होतो आणि ओरिजिनही एकच. हॉलमधून पॅसेजमध्ये सांधा सरळ जायला हवा असेल तर उत्तमच, पण बाथरूमचा हॅच वेगळा मारा. पुढे क्लायंटने भिंत सरकवली की हॅच नव्या भिंतीपर्यंत पसरतो, ओरिजिन मात्र जुन्याच जागी. स्ट्रेच केल्यावर तुकडे परत मोजा.

तिरक्या प्लॉटवर यूसीएस (ड्रॉइंगचे आडवे-उभे अक्ष) भिंतीला जुळवून मगच हॅच मारा. अंदाजाने कोन टाकला तर लांब भिंतीवर सांधा सरकत गेलेला दिसतो.

'स्टोअर ॲज डिफॉल्ट ओरिजिन' वर चुकून टिक राहिली तर पुढचे सगळे हॅच त्याच बिंदूवरून निघतात. कमांड लाइनवर एचपीओरिजिन (HPORIGIN) टाइप करून ०,० द्या.

आपल्याकडच्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घरांच्या एलेव्हेशनमध्येही, म्हणजे समोरून दिसणाऱ्या भिंतीच्या नकाशातही, हेच होतं. ओरिजिन प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या, माथ्यावर नसेल तर पहिलाच थर अर्धा दिसतो.

आता प्रिंटवर पहिल्या फरशीच्या कोपऱ्याशी मी लाल पेनाने बाण काढतो. शेजारी 'इथून', आणि खाली कानडी मिस्त्रीसाठी 'इल्लिंद'.