स्लिम फोन घेताय? आधी तुमचा दिवस किती एमएएचचा आहे ते मोजा

आयफोन एअर ५.६४ मिमी जाडीचा आणि १६५ ग्रॅमचा. गॅलेक्सी एस२५ एज ५.८ मिमी, १६३ ग्रॅम. हातात घेतल्यावर मोह होणारच. आता बॅटरी बघा, म्हणजे तिच्यात किती चार्ज मावतो ते सांगणारे एमएएच (मिलिअँपिअर-तास): पहिल्यात ३,१४९, दुसऱ्यात ३,९००. एजच्याच घरातल्या एस२५ प्लसचा स्क्रीन तेवढाच, ६.७ इंची, पण जाडी ७.३ मिमी आणि बॅटरी ४,९००. दीड मिमी वाचवले, त्यात हजार एमएएच गेले.

असं होतं कारण पातळ करता येण्याजोगी वस्तू फोनमध्ये एकच असते. स्क्रीन, मागची काच, फ्रेम, सर्किट बोर्ड आणि गोंद यांची जाडी ठरावीक मर्यादेखाली जात नाही. मग कात्री लागते ती बॅटरीला. हिशेब सोपा आहे. बॅटरी ९० बाय ६० मिमीची धरा. तिची जाडी एक मिमीने घटली की ५.४ घन सेंटिमीटर जागा गेली. आजच्या बॅटरीत एका लिटरमागे साधारण ७०० वॅट-तास ऊर्जा मावते, म्हणजे ३.८ वॅट-तास गेले. सुमारे ३.८७ व्होल्टने भागा, ९७५ एमएएच येतात. शिवाय बॅटरी वापरात थोडी फुगते, त्यासाठी सोडलेली फट आणि वरचं वेष्टण पातळ फोनमध्येही लागतंच.

मोजायचं कसं

सुट्टीचा दिवस नको, धावपळीचा हवा. सकाळी १०० टक्के करून चार्जर काढा, रात्री झोपताना किती उरली ते लिहून ठेवा. मध्येच चार्ज करावा लागला तर तेवढे टक्के वापरात मिळवा. असे तीन दिवस करा आणि त्यातला सर्वांत जास्त वापराचा आकडा घ्या. सरासरी काढू नका, कारण फोन दगा देतो तो नेमका जास्त वापराच्या दिवशी.

आता जुन्या फोनच्या बॅटरीची खरी तब्येत बघा. आयफोनमध्ये ती सेटिंग्जमध्ये बॅटरीखाली दिसते. काही नव्या अँड्रॉइड फोनमध्येही दिसते. नसेल तर अ‍ॅक्युबॅटरीसारखं अ‍ॅप टाकून आठवडाभर चार्जिंग होऊ द्या. एकदोन चार्जिंगवरून त्याने काढलेल्या अंदाजावर भरवसा ठेवू नका.

समजा फोन ५,००० एमएएचचा, तब्येत ८५ टक्के, आणि दिवसभरात ७० टक्के उतरला. ५,००० × ०.८५ × ०.७० = २,९७५. हा झाला तुमचा दिवस. याला ०.६४ ने भागा: ४,६५० च्या आसपास. नवा फोन किमान एवढ्याचा हवा. ०.६४ येतो असा: रात्री २० टक्के शिल्लक राहावी, आणि बॅटरी थकून ८० टक्क्यांवर आली तरी ती राहावी. ०.८ गुणिले ०.८.

याच माणसाने ३,९०० चा फोन घेतला तर नव्या नवलाईत रात्री २४ टक्के उरतील, सगळं छान वाटेल. बॅटरी ८० टक्क्यांवर आली की उरतील जेमतेम ५. आणि ती तिथे लवकर पोहोचते. पूर्ण बॅटरीएवढा वापर म्हणजे एक सायकल. २,९७५ चा वापर ३,९०० च्या बॅटरीसाठी रोजचं पाऊण सायकल होतं, ५,००० च्या बॅटरीसाठी ०.६. युरोपात २० जून २०२५ पासून लागू असलेल्या नियमानुसार ८०० सायकलनंतर बॅटरीत किमान ८० टक्के क्षमता उरायला हवी. त्या हिशेबाने पहिलीची ८०० सायकल तीन वर्षं होण्याआधी संपतात, दुसरीची साडेतीन वर्षांनंतर. उलट तुमचा दिवस २,००० चाच असेल तर बिनधास्त पातळ फोन घ्या.

एक सावधानता. अँड्रॉइडचे एमएएच आणि आयफोनचे एमएएच थेट तोलू नका, प्रोसेसर आणि सॉफ्टवेअर वेगळं असतं. अ‍ॅपलचे फोन एकमेकांशी तोलायचे तर कंपनीचे व्हिडिओ प्लेबॅकचे तास बघा: एअर २७ तास, साधा आयफोन १७ तीस तास. हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे, असं आमचं मत. व्हिडिओ चालू असताना मोबाइल नेटवर्कला फारसं काम नसतं. तुमच्या दिवसात कॉल, मॅप्स आणि कमकुवत ५जी असतं.

पातळही आणि मोठी बॅटरीही?

मधला रस्ता आहे: सिलिकॉन-कार्बन बॅटरी. २०२० च्या गॅलेक्सी एम५१ ला ७,००० एमएएचसाठी ९.५ मिमी लागले होते. २०२५ मध्ये भारतात आलेल्या, ही नवी बॅटरी असलेल्या पोको एफ७ मध्ये ७,५५० एमएएच साधारण ८ मिमीत बसले. नेहमीच्या बॅटरीतल्या ग्रॅफाइटपेक्षा सिलिकॉन कितीतरी जास्त लिथियम धरतं, पण पूर्ण चार्ज झालं की तिपटीच्या आसपास फुगतं, म्हणून ते कार्बनमध्ये थोडंथोडंच मिसळावं लागतं. परदेशातून कुणी फोन आणणार असेल तर तिथल्या मॉडेलची बॅटरी आवर्जून तपासा. याच एफ७ च्या जागतिक मॉडेलमध्ये ६,५०० आहे.

जाहिरातीतल्या जाडीत कॅमेऱ्याचा उंचवटा धरत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. त्यावर जाड कव्हर आणि मागे चिकटणारी मॅग्नेटिक बॅटरी लावायची असेल, तर तो सव्वासात मिमीचा फोन काय वाईट होता?

घेतलाच असेल तर

बॅटरी फार खातं ते कमकुवत नेटवर्क. सिग्नल क्षीण झाला की फोन जास्त ताकदीने बोलतो आणि सतत टॉवर शोधत बसतो. ५जी येत-जात असेल तिथे ४जी वर टाका. कर्जत-लोणावळा घाटात, बोगद्यांमागून बोगदे येतात तेव्हा सरळ एअरप्लेन मोड. त्यानंतर ब्राइटनेस. मग ऑलवेज-ऑन डिस्प्ले बंद आणि स्क्रीनचा रिफ्रेश रेट १२० हर्ट्झऐवजी ६०.

चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय चांगली आहे, पण छोट्या बॅटरीत तिने दिवस पुरत नाही. घरी किंवा ऑफिसात चार्जर हाताशी असेल त्या दिवशी ती चालू ठेवा, बाहेरगावी जाताना १०० करा.

उष्णता मात्र गांभीर्याने घ्या. अ‍ॅपल आयफोन वापरायला ० ते ३५ अंश सेल्सिअस सांगते, विदर्भात मे महिन्यात पारा ४५ ला जातो. डॅशबोर्डवर ऊन, मॅप्स चालू, वर वायरलेस चार्जिंग: असा फोन तापून चार्जिंग थांबवतो. तो एसीच्या झोताजवळ लावा, कव्हर काढा, वायरने चार्ज करा. तापलेला फोन फ्रीजमध्ये कधीही ठेवू नका, आत पाणी धरतं.

पॉवर बँकेवरचे १०,००० एमएएच ३.७ व्होल्टचे असतात, म्हणजे ३७ वॅट-तास. मागे बारीक अक्षरांत ‘रेटेड’ क्षमता छापलेली असते, ती बहुधा ६,००० च्या आसपास, पण ५ व्होल्टची, म्हणजे ३० वॅट-तास. ३,९०० चा फोन म्हणजे सुमारे १५ वॅट-तास; चार्जिंगमधली घट धरून तो त्यातून पावणेदोन वेळा भरतो. ५,००० च्या छोट्या पॉवर बँकेत एकदाही पूर्ण भरत नाही.

महिन्यातून एकदा कव्हर काढून फोन सपाट काचेवर स्क्रीन खाली करून ठेवा आणि कोपरे हळूच दाबा. डुगडुगला किंवा भोवऱ्यासारखा फिरला, तर बॅटरी फुगली असावी. कडेच्या फटीत नख अडकलं तरी तोच संशय. चार्जिंग लगेच थांबवा, फोन बंद करा. दाबून बसवू नका, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका, थेट सर्व्हिस सेंटरला न्या. पातळ फोनमध्ये सगळं गोंदाने चिकटवलेलं असतं आणि उघडताना स्क्रीनला धोका असतो. म्हणून फोन घेतानाच दोन प्रश्न विचारून ठेवा: बॅटरी बदलायला किती घेता, आणि बदलल्यावर पाण्यापासूनचं सील नव्याने लावून देता का?