नीतीचं मूळ खणताना या चुका टाळा

फोंड्यातल्या आमच्या अभ्यासगटात दर पावसाळ्यात कोणीतरी नवा येतो आणि तेच वाक्य टाकतो: ‘नीती माणसांनीच बनवली ना? मग बरोबर-चूक असं काही नसतंच.’ पंधरा मिनिटांचा व्हिडिओ बघून आलेला असतो. मी हल्ली वाद घालत नाही, चहा मागवतो.

चीड जास्त, कारण याच चुकीत मी अख्खी संध्याकाळ घालवली आहे. तिसवाडीतल्या एका गावी खाजन शेतीवर, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीवर, बोलायला बोलावलं होतं. भांडण जुनंच. मानशीवर (बांधातल्या पाण्याच्या दारावर) मासे धरायचा हक्क पावणीत (लिलावात) घेतलेला माणूस मासळीसाठी भरतीचं खारं पाणी आत सोडतो आणि शेजारचं भात खारावतं. मी नुकताच इंग्रज तत्त्वज्ञ ए. जे. एअर वाचला होता. ‘चोरी वाईट’ हे खरंही नाही, खोटंही नाही, ती फक्त नापसंती व्यक्त करणं आहे, असं त्यांनी १९३६ साली मांडलं. तेच मी पाऊण तास ऐकवलं. मागचे एक काका उठले. ‘सर, कळलं. आता मानशीचं दार लावायचं की उघडं ठेवायचं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, ते आपण दिलंय अशी माझी समजूत होती.

नीती मुळात काय आहे, हा अधिनीतिशास्त्राचा प्रश्न. दार लावायचं का, हा दुसरा. तत्त्वज्ञ जॉन मॅकी यांनी १९७७ च्या एकाच पुस्तकात आधी वस्तुनिष्ठ नैतिक मूल्यं नाहीतच असं सांगितलं, आणि पुढे नीती कशी असावी यावरही लिहिलं. मूल्यं आकाशातून पडलेली नसली तरी भरती यायची ती येतेच.

उलटी चूक: मूळ ठरलं की वरचा सिद्धांत, म्हणजे काय करावं हे, आपोआप ठरतं. जी. ई. मूर (१९०३) आणि डब्ल्यू. डी. रॉस (१९३०) हे दोघेही तत्त्वज्ञ म्हणत की ‘चांगलं’ हा गुण निसर्गविज्ञानाच्या भाषेत सांगता येत नाही. पण मूर परिणाम मोजतात, तर रॉस म्हणतात, दिलेला शब्द पाळणं हे वेगळंच कर्तव्य आहे. पाट एकच, एकाने माड लावले, दुसऱ्याने पोफळी.

म्हणून मूळ आणि सिद्धांत या दोन्हींचा संबंधच नाही म्हणणारेही घाईतलेच. तत्त्वज्ञ आर. एम. हेअर नैतिक शब्दांच्या अर्थापासून निघाले (दुसऱ्याला लावलेला नियम त्याच्या जागी आपण असलो तरी लागू), आणि उपयुक्ततावादाला (सगळ्यांचं मिळून जास्तीत जास्त भलं होईल ते करा) पोचले. वाट पटो न पटो, वाट आहे.

किरकोळ चुका. ‘प्रत्येक समाजाची नीती वेगळी, म्हणून कोणाला नावं ठेवू नयेत’: यातलं ‘नयेत’ कुठल्या समाजाचं? ‘पूर्वापार चालत आलंय’: ‘आहे’वरून ‘असावं’वर उडी मारू नका, तत्त्वज्ञ ह्यूमने १७४० मध्येच हटकलंय. कायदा म्हणजेच नीती समजणाऱ्यांशी मी बोलत नाही.

माझी सवय साधी. वहीचं पान मधोमध दुमडतो. डावीकडे ‘म्हणजे काय’, उजवीकडे ‘मग काय करायचं’. डावीकडून उजवीकडे बाण काढायचा तर मधली प्रत्येक पायरी लिहायची. नव्यांना ते कंटाळवाणं वाटतं, दुसऱ्या आठवड्यात येत नाहीत. न येवोत.

काकांच्या प्रश्नाचं पान अजून आहे. उजवीकडे लिहिलंय: मासळीचा पैसा कोणाला, खारावलेल्या शेताचा तोटा कोणाला, आणि पावणी ठरवताना शेतकऱ्याला विचारलं होतं का. डावी बाजू कोरी आहे.