किनाऱ्यावर सूर्यमाला कशी आखावी: एक मीटर म्हणजे एक कोटी किलोमीटर

पुस्तकातलं सूर्यमालेचं चित्र आठवून बघा. कडेला सूर्याची पिवळी फोड आणि तिच्याशेजारी बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ असे सगळे ग्रह एकमेकांना खेटून, एसटीसाठी रांग लावल्यासारखे उभे. पानाची रुंदी तेवढीच असते, चित्रकार तरी काय करणार? पण ते चित्र एकदा मुलांच्या डोक्यात बसलं की ग्रहाग्रहांमधली खरी अंतरं कितीही आकडे पाठ करून घेतले तरी आत शिरत नाहीत. आम्ही देवगड-मालवणकडची माणसं या बाबतीत भाग्यवान. ओहोटीला उघडा पडणारा लांबच लांब पुळणीचा पट्टा आपल्या दारात आहे. नारळ, मिरी, मोहरी घरात आहे. एवढ्यावर सूर्यमाला तिच्या खऱ्या मापात मांडता येते आणि एका संध्याकाळी मुलांना तिच्यातून चालवून आणता येतं.

माप एकच लक्षात ठेवायचं: एक मीटर म्हणजे एक कोटी किलोमीटर. मग एक सेंटीमीटर म्हणजे एक लाख आणि एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार किलोमीटर. आपल्या लाख-कोटींच्या मोजणीत हे माप असं चपखल बसतं की पाचवीतलं मूलही तोंडी हिशेब करतं. सूर्य पृथ्वीपासून १५ कोटी किलोमीटर दूर, म्हणजे १५ मीटर. पृथ्वीचा व्यास पावणेतेरा हजार किलोमीटर, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या जरासा वर. गोळ्यांचे आकार आणि त्यांच्यातली अंतरं एकाच मापाने घ्यायची, हा या खेळाचा प्राण आहे. आकार एका मापाने आणि अंतर दुसऱ्या मापाने घेतलं, की पुन्हा पुस्तकातलंच चित्र तयार होतं.

दिवस कसा ठरवायचा

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण पहिल्या वर्षी मी इथेच चुकलो. सुट्टीचा रविवार पाहिला, तिथी पाहिलीच नाही. त्या दिवशी अष्टमी होती. संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा पाणी सुरूच्या बनाजवळ आलेलं, पुळण जेमतेम दहा-बारा पावलांची. मुलं हिरमुसली आणि मला फार वाईट वाटलं, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाने हे आधी बघायला हवं होतं.

आपल्याकडचे मच्छीमार भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी. हा हिशेब का जमतो, तेही मुलांना सांगा. आकाशात सूर्यापासून चंद्र १२ अंश पुढे सरकला की एक तिथी होते. पृथ्वीला १२ अंश फिरायला ४८ मिनिटं लागतात, म्हणून भरती रोज तेवढी मागे पडते. पाऊण तास धरला की काम भागतं. पंचांगाचं पान आणि समुद्राचं पाणी एकाच चंद्रामागे चालतात. खगोलशास्त्राचा पहिला धडा इथेच झाला.

आता उलट हिशेब करा. पौर्णिमा आणि अमावास्या, म्हणजे पंधरावी तिथी. भरती सव्वाअकराच्या सुमाराला, ओहोटी साडेपाचच्या पुढेमागे. शिवाय चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढत असल्याने ते उधाणाचे दिवस असतात. भरती मोठी तशी ओहोटीही मोठी, पाणी खूप आत जातं. अष्टमीच्या भांगाला असं होत नाही. म्हणून मांडणीसाठी चतुर्दशी किंवा पौर्णिमा घ्या. मला चतुर्दशी जास्त आवडते. का ते पुढे येईल. महिने कार्तिक ते माघ. पावसाळ्यात किनाऱ्यावर हा उद्योग मुळीच करू नका.

सामान

सूर्यासाठी एक सोललेला नारळ घ्या. सूर्याचा व्यास १३ लाख ९२ हजार किलोमीटर, आपल्या मापात १४ सेंटीमीटरला किंचित कमी. नारळ त्याहून लहान भरतो. त्याला पिवळ्या फडक्याचे वेढे द्या आणि सुतळीने घेर मोजत राहा. घेर ४४ सेंटीमीटर झाला की थांबा.

गुरू म्हणजे खेळातली काचेची गोटी, मात्र दीड सेंटीमीटरच्या आतली. शनीला कणकेची १२ मिलिमीटरची गोळी वळा आणि तिच्याभोवती पुठ्ठ्याची, बाहेरून पावणेतीन सेंटीमीटर व्यासाची कडी अडकवा. युरेनस आणि नेपच्यूनला मिरीचे दोन दाणे. दोघांना पाच पाच मिलिमीटर हवेत, त्यामुळे जाडसर मिरी निवडा. पृथ्वी आणि शुक्राला बारीक मोहरी. मंगळाला खसखशीचा सगळ्यात लहान दाणा. बुध अर्ध्या मिलिमीटरचा आणि चंद्र त्याहूनही बारीक, दोघांसाठी पायाखालची वाळू आहेच.

हे दाणे पांढऱ्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ठेवून वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा, नाहीतर खारा वारा मंगळ घेऊन जाईल. पुठ्ठे कामट्यांना बांधा. मोजायला बारा मीटरची नायलॉनची दोरी घ्या आणि दर मीटरला गाठ मारा. सुंभाची दोरी नको, भिजली की तिच्या लांबीचा भरवसा राहत नाही. भरतीचं पाणी येण्याआधी सगळं आवरायचं असल्यामुळे सोबत दोन-तीन मोठी माणसं हवीत.

आखणी

ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी सुरुवात करा. ओल्या, घट्ट वाळूवर चाललं की पावलं सारखी पडतात. नारळ एका टोकाला उंच खुंटीवर ठेवा आणि पाण्याच्या कडेला समांतर चालत निघा. सूर्यापासूनची सरासरी अंतरं वहीत अशी उतरवून घ्या:

बुध ५.८ मीटर
शुक्र १०.८ मीटर
पृथ्वी १५ मीटर
मंगळ २२.८ मीटर
गुरू ७८ मीटर
शनी १४३ मीटर
युरेनस २८७ मीटर
नेपच्यून ४५० मीटर

पहिले चार दोरीने मोजा. गुरूपासून पुढे पावलं चालतील. मुलाची वीस मीटरमध्ये किती पावलं पडतात ते आधी मोजून ठेवा.

मंगळापर्यंत मुलांचा गलका असतो. तिथून गुरूकडे निघाली की हळूहळू गप्प होतात. पंचावन्न मीटर काहीच नाही! लघुग्रहांचा पट्टा इथलाच, पण त्यातला सगळ्यात मोठा सेरेस आपल्या मापात मिलिमीटरचा दहावा हिस्सासुद्धा भरत नाही. साऱ्या लघुग्रहांचा गोळा केला तरी तो आपल्या चंद्राहून कितीतरी हलका होईल. ही रिकामी वाळू घाईने ओलांडू नका, मुलांना इथे थांबू द्या. सूर्यमालेत सगळ्यात जास्त काय आहे, तर ही मोकळी जागा, आणि ती पायांनाच कळते.

नेपच्यूनजवळ पोचल्यावर मागे वळून नारळ शोधायला सांगा. चांगल्या नजरेच्या मुलाला जेमतेम ठिपका सापडतो. नेपच्यूनवरून खरा सूर्यही आकाराने एवढाच दिसेल. १८४६ साली नेपच्यून सापडला आणि तेव्हापासूनची त्याची पहिली प्रदक्षिणा पुरी झाली ती थेट २०११ साली.

मोहरीशेजारी बसून

आता सगळ्यांना परत पृथ्वीजवळ आणा. मोहरीपासून ३.८ सेंटीमीटरवर, म्हणजे दोन बोटांच्या अंतरावर, चंद्राचा वाळूचा कण ठेवा. माणूस आजवर जास्तीत जास्त गेला तो साधारण एवढाच. चांद्रयान-३ ने २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये चाळीस दिवसांत केलेला प्रवास तोही हाच. आदित्य-एल१ हे आपलं सूर्याकडे टक लावून बसलेलं यान मोहरीपासून नारळाच्या बाजूला १५ सेंटीमीटरवर मांडा. १९७७ साली सुटलेलं व्हॉयेजर-१ मात्र साधारण अडीच किलोमीटरवर आहे. बहुतेक किनाऱ्यांवर ते पुढच्या गावात पडतं.

मग गुडघे टेकून, डोळा मोहरीच्या जवळ आणून नारळाकडे बघा. माप खरं असल्यामुळे इथून नारळ आकाशातल्या सूर्याएवढाच दिसतो, अर्ध्या अंशाचा. खऱ्या सूर्याकडे बघून पडताळा घ्यायचा नाही, मावळतीचा असला तरी नाही. त्यासाठीच चतुर्दशी निवडली. त्या दिवशी सूर्य मावळायच्या आधीच पूर्वेला माडांच्या वर चंद्र आलेला असतो, आणि आकाशात चंद्रही सूर्याएवढाच, अर्ध्या अंशाचा दिसतो. एकदा नारळाकडे, एकदा चंद्राकडे बघायचं. हात लांब करून करंगळी धरली तर दोन्ही झाकले जातात. गेल्या वर्षी सातवीतली एक मुलगी कितीतरी वेळ मान इकडून तिकडे वळवत होती. शेवटी ती ओरडली, "सर, नारळ नि चंद्र एकाच मापाचे दिसतत!" त्या एका वाक्यासाठी मी दरवर्षी वाळूत गुडघे टेकतो.

याच जागी ग्रहण समजावून द्या. वाळूचा कण दोन बोटांवर, नारळ पंधरा मीटरवर, तरी कण नारळाला बरोबर झाकतो. १८ ऑगस्ट १८६८ ला अशीच चंद्राची सावली आपल्या देशावरून गेली. विजयदुर्गावर त्या ग्रहणाच्या निरीक्षणासाठी बांधलेले म्हणून 'साहेबाचे ओटे' आजही दाखवतात. त्याच ग्रहणात गुंटूरला बसलेल्या जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. ऑक्टोबरमध्ये लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने इंग्लंडमधून, ग्रहण नसतानाही, त्या ज्वाळांच्या वर्णपटात पिवळी रेघ टिपली. ती पृथ्वीवरच्या कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळेना. पुढे त्या द्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हणू लागले. पृथ्वीवर ते हाती लागायला १८९५ साल उजाडलं.

शुक्र मध्यरात्री का दिसत नाही, तेही इथे दाखवता येतं. नारळाच्या खुंटीला दोरी बांधून १०.८ मीटरचं वर्तुळ वाळूत ओढा. मोहरीपाशी उभं राहून एक हात नारळाकडे आणि दुसरा वर्तुळावर फिरणाऱ्या मुलाकडे धरा. मूल कुठेही गेलं तरी दोन हातांमधला कोन सत्तेचाळीस अंशांच्या पुढे जात नाही. म्हणून शुक्र फक्त संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला दिसतो. गुरूची जागा मोहरीच्या पलीकडे असल्याने तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला जाऊन रात्रभरही दिसू शकतो.

प्रकाशाची चाल राहिली. या मापात प्रकाश सेकंदाला फक्त तीन सेंटीमीटर सरकतो. एका मुलाला वाळूत बोटाने रेघ ओढत त्या वेगाने नारळापासून मोहरीपर्यंत यायला सांगा. आठ मिनिटं वीस सेकंद लागतात. नेपच्यूनला पोचायला सव्वाचार तासांच्या जवळपास, म्हणजे एका ओहोटीच्या तीन हिश्श्यांतले दोन. सूर्याच्या सगळ्यात जवळचा तारा, म्हणजे मित्र ताऱ्याचा सोबती प्रॉक्झिमा, याच मापात चार हजार किलोमीटरवर येतो, देवगडहून सिंगापूरच्याही पलीकडे.

पंधरवड्यानंतर

अमावास्येच्या संध्याकाळी पुन्हा या. ओहोटी तशीच, पण आकाश काळं. टॉर्चला गणपतीच्या सजावटीतला लाल जिलेटिन कागद दुहेरी गुंडाळा. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात आणि पांढरा उजेड एकदा डोळ्यांवर पडला की ती फुकट जातात. हिवाळा हा कासवांचाही अंडी घालायचा काळ असतो, त्यांनाही पांढऱ्या उजेडाचा त्रास होतो.

समुद्राकडे तोंड केलं की उजवा हात उत्तरेला येतो. हात ताठ धरून मिटलेली मूठ म्हणजे दहा अंश. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून दीड मुठीच्या वर सापडतो, कारण देवगड-मालवणचा अक्षांशच सोळा अंश आहे. अलिबागला तो पावणेदोन मुठींच्याही वर असतो. माघातल्या अमावास्येला रात्री साडेआठच्या सुमाराला दक्षिणेकडे वळलात तर दोन मुठींवर अगस्त्य दिसेल, वर त्याहून तेजस्वी व्याध आणि आणखी वर मृग.

ग्रह ओळखायचा तर पूर्वेकडून पश्चिमेला जाणाऱ्या चंद्र-सूर्याच्या वाटेवर शोधा. तो सहसा लुकलुकत नाही. सापडला की शेजारचे तीन-चार तारे वहीत काढून त्याची जागा खूण करा आणि दर आठवड्याला त्याच वेळी पुन्हा काढा. महिन्याभरात तारे एकमेकांपासून हलणार नाहीत, तो मात्र हललेला दिसेल.

साडेसातच्या पुढे पाणी चांगलंच वर येऊ लागतं. वेळ झाली की खालच्या वाळूवर थांबू नका. मांडणीच्या दिवशी निघताना कामट्या, पुठ्ठे, चिकटपट्टी मोजून परत घ्या, नेपच्यूनच्या टोकापासून सुरुवात करून नारळाकडे.