बातमीतला प्रचार कसा ओळखायचा: कर्ता, मूळ आणि चौकट तपासण्याची रीत

प्रचार म्हटलं की धादांत खोटं डोळ्यांपुढे येतं. मुरलेला प्रचारक मात्र खोटं शक्यतो टाळतो, कारण ते पकडलं गेलं की त्याच्या पुढच्या शब्दालाही किंमत राहत नाही. दहा खऱ्या गोष्टींतल्या सोयीच्या तीन उचलायच्या, त्यांना जळजळीत शब्द द्यायचे आणि त्या ओळखीच्या माणसाच्या तोंडून वदवायच्या, हा मार्ग त्याला जास्त भरवशाचा वाटतो. म्हणून "खरं की खोटं?" एवढ्यावरच थांबणारा वाचक सहज फसतो. बातमीचे सांधे सोडवून पाहावे लागतात.

ओळखीच्या तोंडाचं महत्त्व फार जुनं आहे. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा सरकारने प्रचारासाठी एक समिती नेमली. तिच्या वतीने सुमारे ७५,००० स्वयंसेवक चित्रपटगृहांत रीळ बदलेपर्यंतच्या चार मिनिटांत भाषणं करत. भाषणाचे मुद्दे वॉशिंग्टनहून येत आणि बोलणारा असे त्याच गावातला, लोकांच्या माहितीतला. घरच्या गटात मामांनी पाठवलेला फॉरवर्ड आज हेच काम करतो. मामांचा हेतू चांगला असतो. मजकूर मात्र त्यांचा नसतो.

प्रत्येक बातमी तपासत बसलात तर आठवड्याभरात कंटाळून सोडून द्याल. तीन खुणा ठरवून ठेवा आणि त्यांतली एक जरी दिसली तरच थांबा. पहिली खूण: वाचताक्षणी राग, भीती किंवा अभिमान उसळला आणि बोट पुढे पाठवायच्या बटणाकडे गेलं. दुसरी: मजकूर काहीतरी मागतो आहे, म्हणजे मत, पैसा, बहिष्कार, बंदी किंवा युद्धाला पाठिंबा. तिसरी: तेच शब्द, त्याच क्रमाने, चार वेगळ्या ठिकाणी दिसले. तिसरी खूण सर्वांत कमी ओळखली जाते. एखादं विधान नुसतं पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते अधिक खरं वाटू लागतं, हे १९७७ पासूनच्या प्रयोगांत दिसून आलं आहे. पुनरावृत्ती हा पुरावा नाही, पण मेंदू तिला पुराव्यासारखंच वागवतो. पहिल्या फेरीला पाच मिनिटं पुरतात. त्यात शंका बळावली तर अर्धा तास द्या.

आधी क्रियापद पाहा

मथळा कागदावर उतरवा आणि त्याखाली सहा रकाने करा: कोणी, कोणाला, काय केलं, कशाने, कुठे, कधी. आता मथळा कर्तरी प्रयोगात लिहून पाहा. "हल्ल्यात ४० जणांचा मृत्यू" या वाक्यात हल्ला करणारा कुठेच नाही. "४० जणांनी प्राण गमावले" यात तर मरण जणू मरणाऱ्यांनीच ओढवून घेतलं आहे. "४० जणांना कंठस्नान" म्हटलं की ते ४० जण कोण होते हा प्रश्नच मिटतो, कारण हा शब्द आपण शत्रूसाठीच राखून ठेवला आहे. घटना तीच असते, मेलेले तेच असतात. वाचकाच्या मनात उमटणारा निवाडा मात्र क्रियापद ठरवतं.

मग अदलाबदल करा. बातमीतल्या दोन्ही बाजूंची नावं एकमेकांच्या जागी घाला आणि मोठ्याने वाचा. आपले "हुतात्मा होतात" आणि त्यांचे "यमसदनी जातात", आपली "चोख प्रत्युत्तराची कारवाई" आणि त्यांचा "भ्याड हल्ला" ही जोडी उलटी वाचताना जीभ अडखळली, तर ती बातमी माहितीपेक्षा भूमिका जास्त देते आहे.

इथे एक चूक हमखास होते. रिकामा कर्ता दिसला की वाचक लगेच "लपवालपवी" म्हणतो. पहिल्या काही तासांत हल्ला कोणी केला हे खरोखरच कळलेलं नसतं, आणि प्रामाणिक वार्ताहर तेव्हा तो रकाना मोकळाच ठेवतो. तुम्हीही तो अंदाजाने भरू नका. दोन-तीन दिवसांनी त्याच वृत्तपत्रात पुन्हा पाहा. कर्ता कळून चुकल्यावरही मथळ्यात येत नसेल, तेव्हा ती निवड असते.

एका प्रकारच्या शब्दांना मात्र मुदत देऊ नका. झुरळं, वाळवी, कीड, घाण, रोग असे शब्द माणसांच्या गटासाठी आले की त्यांच्या मागोमाग ठरावीक क्रियापदं येतात: साफ करणं, निपटून काढणं. आफ्रिकेतल्या रवांडात १९९३ मध्ये सुरू झालेला मिल कोलिन रेडिओ तुत्सी या अल्पसंख्य समाजातल्या लोकांना "इन्येन्झी", म्हणजे झुरळं, म्हणत असे. १९९४ मध्ये सुमारे १०० दिवसांत तिथे लाखो माणसं मारली गेली. त्या काळात हाच रेडिओ माणसांची नावं आणि ठिकाणं सांगत होता. अशा मजकुरातले आकडे बरोबर आहेत का, हे शोधण्यात वेळ घालवू नका. तो पुढे पाठवू नका आणि जिथे दिसला तिथे तक्रार करा.

मग मूळ गाठा

बातमी जिथे वाचली ते तिचं घर नसतं. "अमुक संकेतस्थळानुसार" लिहिलं असेल तर ते संकेतस्थळ उघडा, त्याने ज्याचा हवाला दिला आहे तेही उघडा, आणि जिथे वाट संपते तिथपर्यंत जा. बहुतेक वेळा तीन-चार पायऱ्यांत शेवट येतो. तिथे दस्तऐवज, नावानिशी साक्षीदार किंवा चित्रफीत असेल तर काहीतरी हाती लागलं. नुसतंच "सूत्रांकडून कळतं" असेल, तर नाव झाकण्यात सूत्राचा जीव वाचतो आहे की फक्त त्याची सोय होते आहे, हे विचारा.

असं वर चढण्याची गरज एका प्रकरणातून नीट कळते. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या एका दैनिकात निनावी पत्र छापून आलं: एड्सचा विषाणू अमेरिकी लष्कराने प्रयोगशाळेत तयार केला आहे. पत्र सोव्हिएत गुप्तचर यंत्रणेने पेरलेलं होतं. १९८५ मध्ये एका सोव्हिएत साप्ताहिकाने त्याच भारतीय दैनिकाचा हवाला देऊन गोष्ट पुन्हा छापली आणि पुढे ती अनेक देशांत, अनेक भाषांत फिरली. आपणच पेरलेलं दुसऱ्याच्या शेतात उगवल्याचं दाखवायचं, ही त्यातली युक्ती. पन्नास ठिकाणी छापून आलेली गोष्ट पन्नास स्रोतांची नसते. वर चढत गेल्यावर सगळ्या वाटा एकाच दारात पोहोचत असतील, तर स्रोत एकच मोजा.

अनोळखी संस्था समोर आली तर तिच्या "आमच्याविषयी" पानावर वेळ दवडू नका. ते तिनेच लिहिलेलं असतं. नवीन टॅब उघडा आणि तिच्याविषयी इतरांनी काय लिहिलं आहे ते पाहा: पैसा कोणाचा, स्थापना कधीची, याआधी काय छापलं होतं. सराईत तथ्यतपासनीस असेच आडवे वाचतात. एकाच पानावर खोल शिरण्यापेक्षा हे कमी वेळात होतं.

साक्षीदाराला तीन प्रश्न लावा: याने स्वतः पाहिलं का, याला समोर कोणी आणलं, आणि खोटं बोलल्यास याला काही भोगावं लागेल का? १० ऑक्टोबर १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये एका १५ वर्षांच्या कुवेती मुलीने रडत सांगितलं, की इराकी सैनिकांनी इस्पितळातल्या इन्क्युबेटरमधून बाळं काढून जमिनीवर टाकली. साक्ष संसद सदस्यांच्या एका अनौपचारिक गटापुढे होती, शपथेवर नव्हती. जानेवारी १९९१ मध्ये सिनेटने युद्धाला ५२ विरुद्ध ४७ अशा जेमतेम फरकाने मंजुरी दिली, आणि काही सिनेटरांनी भाषणात हीच गोष्ट सांगितली होती. मुलगी अमेरिकेतल्या कुवेती राजदूताची कन्या आहे, आणि साक्षीची तयारी हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीने करून घेतली, हे जाहीर झालं १९९२ मध्ये. तोवर युद्ध होऊन गेलं होतं. इराकने कुवेतवर आक्रमण केलं होतं आणि तिथे अत्याचारही झाले होते, हे खरंच होतं. म्हणून तर ही साक्ष तपासावी असं कोणाला वाटलं नाही. आधी पटलेल्या गोष्टीला जोडून आलेला पुरावा सर्वांत कमी तपासला जातो.

चित्र आणि चित्रफीत

छायाचित्रावर चिकटवलेला मजकूर कापून टाका आणि उरलेलं चित्र गूगल लेन्स, टिनआय आणि यांडेक्स अशा किमान दोन ठिकाणी शोधा. टिनआयमध्ये "सर्वांत जुनं आधी" असा क्रम लावता येतो. चित्रफितीतून चार-पाच स्थिरचित्रं घ्या. धूर आणि आग सगळीकडे सारखीच दिसते, म्हणून पाट्या, इमारती, वाहनांचे क्रमांक, डोंगराची रेषा असलेल्या चौकटी निवडा. काही सापडलं नाही तर चित्र आरशासारखं उलटं करून पुन्हा शोधा. शोध चुकवण्यासाठी तशी उलटापालट केली जाते. जागेचा अंदाज आला की उपग्रह नकाशावर रस्त्याचं वळण आणि इमारतींची मांडणी जुळवा.

या सगळ्याला मर्यादा आहेत. शोधात काही न सापडणं म्हणजे चित्र ताजं असणं नव्हे. सर्वांत जुनी सापडलेली तारीख ही चित्र टिपल्याची तारीखही नव्हे. त्या दिवसापर्यंत ते अस्तित्वात आलं होतं, एवढंच तिने कळतं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या छायाचित्रात कॅमेऱ्याने नोंदवलेली वेळ आणि जागा सहसा उरलेली नसते. कृत्रिम चित्र ओळखून देणाऱ्या साधनांचा कौल तर एकट्याच्या बळावर कधीच मानू नये. दाबून लहान केलेल्या फायलींवर ती दोन्हीकडे चुकतात.

खरं चित्र, चुकीची ओळ हा प्रकार बनावट चित्रापेक्षा कितीतरी जास्त आढळतो. मे २०१२ मध्ये सीरियातल्या हूला हत्याकांडाच्या बातमीला बीबीसीच्या संकेतस्थळाने लावलेलं प्रेतांचं छायाचित्र २००३ मधलं, इराकमधलं निघालं आणि मागे घ्यावं लागलं. हत्याकांड खरं होतं. चुकीच्या चित्राने नाकारणाऱ्यांना आयतं कोलीत दिलं.

चौकटीबाहेर काय आहे, हेही विचारा. ९ एप्रिल २००३ रोजी बगदादच्या फिरदोस चौकात सद्दामचा पुतळा पाडतानाची जवळून टिपलेली दृश्यं जनसागराचा भास देतात. दुरून टिपलेल्या चित्रांत चौक बराचसा मोकळा आहे आणि पुतळा ओढणारं वाहन अमेरिकी मरीन दलाचं आहे. एकाच घटनेची जवळची आणि दुरून घेतलेली, अशी किमान दोन दृश्यं पाहिल्याशिवाय गर्दीविषयी मत बनवू नका.

आकड्यांचं काम लवकर आटोपतं. टक्केवारी दिसली की मूळ संख्या मागा: दोनाच्या चार घटना झाल्या तरी वाढ १०० टक्केच. आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का ते पाहा. जनमत चाचणी असेल तर विचारलेला प्रश्न शब्दशः मिळवा, कारण "बंदी घालावी का?" याला नाही म्हणणारे आणि "परवानगी द्यावी का?" याला हो म्हणणारे यांचे आकडे जुळत नाहीत.

घाई कोणाला आहे

"आत्ताच ठरवा" असा रेटा असेल तर तारखांची रांग लावा. २ ऑगस्ट १९६४ रोजी टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकेवर उत्तर व्हिएतनामी बोटींनी हल्ला केला. ४ तारखेला दुसरा हल्ला झाल्याचं सांगण्यात आलं. तो झालाच नव्हता. ७ तारखेला संसदेने अध्यक्षांना लष्करी कारवाईची मोकळीक दिली, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी. संशय घेण्याजोगे संदेश त्या रात्रीच जहाजावरून आले होते, पण तीन दिवसांत ते लोकांपुढे आले नाहीत. निर्णय आणि घटना यांत इतकं कमी अंतर असेल, तर तेवढ्या वेळात तपासलं काय आणि कोणी, हा पहिला प्रश्न असावा.

हेच सगळं आपल्या बाजूच्या मजकुराला लावणं सर्वांत अवघड जातं, आणि तिथेच बहुतेकांची तपासणी बंद पडते. एक नियम करा: विरोधी बाजूची एक बातमी तपासली की आपल्या बाजूचीही एक तपासायची.

कशावरच विश्वास न ठेवण्याचं दुसरं टोकही तितकंच घातक आहे. एप्रिल १९१७ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांनी छापलं, की जर्मन कारखान्यांत सैनिकांची प्रेतं उकळून चरबी काढतात. मूळ जर्मन शब्द होता "कडावर", जो सहसा मेलेल्या जनावरासाठी वापरला जातो. १९२५ मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्यांनी संसदेत जर्मनीचा इन्कार मान्य केला. दुसऱ्या महायुद्धात ज्यूंच्या संहाराच्या खऱ्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा अनेकांनी त्याच जुन्या अफवेची आठवण काढून त्यांवर अविश्वास दाखवला. "सगळेच खोटं बोलतात" म्हणणारा वाचक सावध नसतो. खरा गुन्हा करणाऱ्यालाही तो मोकळं सोडतो. म्हणून निष्कर्षाला पायऱ्या ठेवा: सिद्ध, बहुधा खरं, अजून कळलेलं नाही, बहुधा खोटं, खोटं. परभाषेतला स्फोटक शब्द दिसला तर तो मूळ भाषेच्या कोशात पाहून घ्या.

गटात दुरुस्ती सांगताना खोटं वाक्य मथळ्यासारखं वर लिहू नका. वाचणाऱ्याच्या लक्षात तेच राहतं. आधी खरं काय ते एका वाक्यात, मग कुठे चूक झाली, शेवटी मूळ दुवा. पाठवणाऱ्याला आधी खासगीत कळवा, म्हणजे त्याला चारचौघांत स्वतःचा बचाव करत बसावं लागत नाही. येणारी लबाडी आधी सांगता आली तर उत्तमच. मार्च २०२२ मध्ये युक्रेनने झेलेन्स्की शरण जात असल्याची बनावट चित्रफीत येऊ शकते, असा इशारा आगाऊ देऊन ठेवला होता. १६ मार्चला ती खरोखर आली, आणि तिच्यावर फारसं कोणी विसंबलं नाही.

तपासलेल्या प्रत्येक बातमीची वहीत एक ओळ ठेवा: तारीख, दावा, मूळ स्रोत, तुमचा निष्कर्ष कोणत्या पायरीवर. तीस दिवसांनी उघडून पाहा आणि काय बदललं ते लाल शाईने शेजारी लिहा. लाल शाई कोणत्या बाजूच्या बातम्यांपुढे जास्त पडते, ते मोजा.